हिरवळ कोणासाठी राखून ठेवली आहे?

प्रति,
अखिल भारतीय टेनिस संघटनेचे पदाधिकारी,
महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेचे पदाधिकारी,
आणि ज्यांच्याकडे अजून गवताची कोर्ट शिल्लक आहेत अशा देशभरातल्या क्लबांचे विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात मुलींना टेनिस शिकवते. या डिसेंबरात सव्वीस वर्षं होतील. त्याआधी दहा-बारा वर्षं स्वतः खेळले. राज्य पातळीवर बऱ्यापैकी, त्याच्या वर जेमतेम. ओळख एवढी पुरे. पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण विषय एखाद्या अर्जात मावणारा नाही, आणि तो खेळणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनीही वाचावा असं मला मनापासून वाटतं.

15 जून 2025 च्या रविवारी संध्याकाळी माझ्या घरी सात मुली दाटीवाटीने बसून लंडनच्या क्वीन्स क्लबच्या गवतावरचा महिलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बघत होत्या. एका बाजूला अमेरिकेची अमांडा अनिसिमोव्हा. दुसऱ्या बाजूला जर्मनीची तात्याना मारिया: वय 37, दोन मुलींची आई, क्रमवारीत 86 वी, पात्रता फेरीतून वर आलेली आणि या स्पर्धेआधी सलग नऊ सामने हरलेली. त्या आठवड्यात तिने लेला फर्नांडिस, कॅरोलिना मुखोवा, एलेना रिबाकिना, मॅडिसन कीज अशा एकेकीला बाहेर काढलं होतं. अनिसिमोव्हालाही तिने 6-3, 6-4 असं हरवलं. ताकदीवर नव्हे. मारिया फोरहँडसुद्धा कापून मारते. तिचा चेंडू गवतावर पडला की वर येतच नाही, पाण्यावरून चपटा खडा जावा तसा सरपटत निघून जातो. समोरची उंच, जोरकस मुलगी गुडघ्यात वाकून वाकून थकली.

माझ्या मुलींपैकी एक चौदा वर्षांची आहे, छातीवर हात ठेवून सांगावं असा तिचा बॅकहँड आहे. तिने विचारलं, "मॅम, चेंडू असा का जातो?" आणि या मैदानावर याआधी एकेरी जिंकणारी शेवटची बाई 1973 सालची, हे कळल्यावर तिनेच दुसरा प्रश्न विचारला, "मग मधली बावन्न वर्षं इथे बायका का नव्हत्या?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडाने दिलं, दाखवू शकले नाही. दुसऱ्याचं उत्तर शोधताना जे हाती आलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

क्वीन्स क्लब 1886 साली स्थापन झाला. व्हिक्टोरिया राणी आश्रयदाती, म्हणून हे नाव. लंडनची गवतावरची अजिंक्यपद स्पर्धा 1890 पासून तिथे होऊ लागली. गवतावरच होणाऱ्या विम्बल्डनच्या तोंडावर हात साफ करून घेण्याची ही जागा, आणि कित्येक दशकं ती पुरुषांची होती तशी बायकांचीही होती. एकच क्लब, तीच हिरवळ. 1973 मध्ये पुरुषांत इली नस्तासे जिंकला आणि महिलांत सोव्हिएत संघाच्या ओल्गा मोरोझोव्हाने इव्हॉन गुलागाँगला हरवलं. मोरोझोव्हा कुणी अशीतशी खेळाडू नव्हती. पुढच्याच वर्षी ती विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात खेळली.

नंतरची तीन वर्षं, 1974 ते 1976, ती स्पर्धाच झाली नाही. पुरुषांची नाही, बायकांचीही नाही. 1977 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा फक्त पुरुषांसाठी.

या एका ओळीपाशी मी बराच वेळ अडले. स्पर्धा बंद पडणं मी समजू शकते. पैसे संपतात, प्रायोजक जातात. पण बंद पडलेलं दुकान उघडताना अर्धंच शटर वर करायचं, हा निर्णय कुणीतरी बसून घेतलेला असतो. आणि वर्ष बघा. त्याच 1973 च्या जूनमध्ये, विम्बल्डनच्या आधी, लंडनच्याच ग्लॉस्टर हॉटेलात अमेरिकन टेनिसपटू बिली जीन किंगने साठेक महिला खेळाडूंना एका खोलीत जमवलं, बेट्टी स्टोव्हला दार लावून घ्यायला सांगितलं, आणि महिला टेनिसपटूंची संघटना उभी राहिल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडलं नाही. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने पुरुष आणि महिलांना सारखी बक्षिसं दिली. बायका एकत्र आल्या, हिशेब मागू लागल्या, आणि त्याच वर्षानंतर लंडनमधलं विम्बल्डनपूर्वीचं त्यांचं जुनं मैदान त्यांच्या हातून गेलं. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिलेल्या आहेत, हे विसरता येत नाही.

त्यांचे सामने मग लंडनबाहेर गेले. 1974 पासून ईस्टबोर्नला, 1982 पासून बर्मिंगहॅमला. बर्मिंगहॅममध्ये 1983 साली बिली जीन किंग वयाच्या चाळिशीला टेकलेली असताना एकेरीत जिंकली. म्हणजे खेळ थांबला नव्हता, प्रेक्षकही होते. फक्त राजधानीतली ती हिरवळ मिळत नव्हती.

2025 मध्ये ती परत मिळाली, तीही सहजासहजी नाही. बायकांचा आठवडा आधी, पुरुषांचा नंतर असं ठरल्यावर पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेच्या बाजूने काळजी व्यक्त झाली की, आठवडाभर खेळून झिजलेलं गवत पुरुषांच्या सामन्यांपर्यंत टिकेल का? गवत टिकलं. पुढच्याच रविवारी त्याच कोर्टवर कार्लोस अल्काराझ जिंकला. बायकांच्या बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या जवळजवळ निम्मी होती. ती 2029 पर्यंत सारखी करण्याचा शब्द ब्रिटनच्या टेनिस संघटनेने दिला आहे. या पुनरागमनाची किंमत बर्मिंगहॅमने मोजली, तिथली स्पर्धा खालच्या दर्जात गेली, हेही सांगायला हवं. मला ते आवडलेलं नाही. एका गावाच्या विहिरीतलं पाणी दुसऱ्या गावाला द्यायचं, ही काही वाढ नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, लंडनचं आम्हाला काय सांगता? सांगते आहे, कारण गवत झिजेल ही काळजी मी आपल्याकडेही ऐकली आहे. स्वतःच्या कानांनी.

मी सोळा वर्षांची असताना उत्तरेतल्या एका शहरात मुलींच्या स्पर्धेला गेले होते. क्लबचं नाव घेत नाही. पुण्याहून दोन रात्रींचा प्रवास, बरोबर काका, डब्यात आईने दिलेल्या दशम्या. सकाळी साडेसहाला मैदानावर पोचलो तेव्हा माळी ओला तरट दोन्ही टोकांना धरून गवतावरून ओढत होते, दव झाडायला. तीन हिरवी कोर्ट, चुन्याच्या ताज्या रेषा, आणि कापलेल्या गवताचा तो वास. मी बूट काढून अनवाणी दोन पावलं टाकली. माळीबाबा हसले, काही बोलले नाहीत. मग स्पर्धेचे सचिव आले आणि म्हणाले, मुलींचे सामने मागच्या मातीच्या कोर्टवर. ही कोर्ट पुरुषांच्या फेरीसाठी जपायची आहेत. पुरुषांची फेरी चार दिवसांनी होती. आम्ही बत्तीस मुली चार दिवस मागे खेळलो. पुढची तीन कोर्ट रिकामी होती, त्यांच्याभोवती सुतळी बांधलेली होती. त्या सुतळीचा रंगसुद्धा मला आठवतो.

चाळीस वर्षं झाली. माझ्या विद्यार्थिनींच्या वार्षिक वेळापत्रकात आजही गवताचा एकही आठवडा नसतो. दिल्लीची राष्ट्रीय स्पर्धा हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टवर होते. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, चेन्नईत झाली, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर होते. सगळीकडे हार्ड कोर्ट. एप्रिल 2025 मध्ये बिली जीन किंग चषकाचे, म्हणजे महिलांच्या राष्ट्रीय संघांचे सामने बालेवाडीला झाले, तेही हार्ड कोर्टवर. या स्पर्धा तुम्ही आणल्यात, त्यासाठी तुम्ही किती धावपळ केली असेल याची मला कल्पना आहे. बालेवाडीला भरलेल्या गॅलरीत माझ्या मुली घसा बसेपर्यंत ओरडल्या, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. म्हणूनच पुढचं बोलायचा हक्क वाटतो.

देशात गवत नाही असं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये पुरुष संघांच्या डेव्हिस चषकासाठी इटलीचा संघ आला, तेव्हा सामने कोलकात्याच्या साउथ क्लबवर गवतावर झाले. मार्च 2022 मध्ये डेन्मार्क आलं, तेव्हा दिल्ली जिमखान्याच्या गवतावर. युरोपातल्या खेळाडूंना अडचणीत आणायचं तर हिरवळ हे आपलं हत्यार, हे तुम्ही ओळखलंत. बरोबरच आहे. साउथ क्लबच्याच गवतावर 1966 मध्ये रामनाथन कृष्णन यांनी ब्राझीलच्या थॉमाझ कॉकविरुद्ध हातातून गेलेला सामना ओढून आणला होता. पुरुषांच्या संघाला गरज पडली की आपल्याकडे गवत कापलं जातं, रोलर फिरतो, रेषा आखल्या जातात. मुलींना ते हत्यार कधी हाताळायला मिळणार?

आणि हे गवत आपल्या बायकांना परकं कधीच नव्हतं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मुलींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिशी उलटेपर्यंत मलाही नव्हतं.

मुंबईच्या लेडी मेहरबाई टाटा साडी नेसून टेनिस खेळत. साडी नेसूनच त्यांनी कितीतरी बक्षिसं मिळवली, आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी भारताकडून त्यांचं नाव होतं. कोलकात्याकडच्या जेनी सँडिसन 1929 मध्ये विम्बल्डनला गेल्या. आणि मग आपल्या लीला राव.

शंकर पांडुरंग पंडित हे नाव मराठी वाचकाला तुकारामांच्या गाथेमुळे माहीत असतं. गाथेची जी आवृत्ती पुढे सगळ्यांनी प्रमाण मानली, तिच्या संपादनामागे ते होते. त्यांची मुलगी पंडिता क्षमाबाई राव. जन्म पुण्याचा, 1890 चा. संस्कृतात लिहिणाऱ्या, सत्याग्रहावर त्यांनी संस्कृत काव्य रचलं. आणि याच क्षमाबाई आपल्या काळातल्या नावाजलेल्या टेनिसपटू होत्या. हातात लेखणी आणि हातात रॅकेट, दोन्ही तेवढ्याच निष्ठेने. त्यांची मुलगी लीला. आईचा खेळ मुलीने उचलला. 1910 साली अलाहाबादेत सुरू झालेल्या अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत, गवतावर, लीला राव 1931 मध्ये पहिल्यांदा जिंकल्या आणि नंतरही पुन्हा पुन्हा जिंकत राहिल्या. 1934 मध्ये त्या विम्बल्डनला गेल्या आणि पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून त्या हरल्या. पुढे त्यांनी भारतीय नृत्यावर लिहिलं, आईच्या संस्कृत लेखनाशी नातं ठेवलं.

गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या गवतावर जिंकते, आणि ही गोष्ट आपल्या एकाही शाळेत मुलींना सांगितली जात नसेल तर चूक कोणाची? थोडी माझीही आहे. मी सव्वीस वर्षं मुलींना सर्व्हिस शिकवली आणि लीला रावांचं नाव घ्यायला उशीर केला.

पण मला यात दिसतं ते असं की, लीला राव बोटीने विलायतेला गेल्या तेव्हा गवत त्यांना नवं नव्हतं. चेंडू किती खाली राहतो, पाय कुठे घसरतो, दव असताना पहिले दोन गेम कसे काढायचे, हे त्यांना घरूनच माहीत होतं. कारण त्यांच्या काळी भारतातल्या बाईला गवतावर खेळायला मोठी स्पर्धा होती. आज तशी स्पर्धा उरलेली नाही, आणि आपण मुलींना सांगतो, विम्बल्डनची स्वप्नं बघा.

गेल्या जानेवारीत एका परिचितांच्या कृपेने मी त्या चौदा वर्षांच्या मुलीला कोलकात्यात तासभर गवतावर खेळवलं. पहिले सहा बॅकहँड तिने हवेत मारले. चेंडू गुडघ्याच्या खाली होता आणि तिची रॅकेट कमरेपाशी. हार्ड कोर्टवर धावत जाऊन एका झटक्यात थांबायची तिला सवय; इथे थांबायला गेली आणि बसकण मारली. मी काही सांगितलं नाही. विसाव्या मिनिटाला ती बारीक बारीक पावलं टाकायला लागली. चाळिसाव्या मिनिटाला तिने आपणहून पहिला कापलेला बॅकहँड मारला, चेंडू घसरत गेला, आणि तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. जूनमध्ये तिने विचारलेला पहिला प्रश्न त्या एका फटक्यात सुटला. पांढऱ्या मोज्यावर हिरवा डाग पडला होता. तिच्या आईने नंतर सांगितलं, तो मोजा तिने धुवायला दिला नाही.

हे वर्गात सांगून येत नाही. आणि एका तासात पुरतंही येत नाही.

तुमच्या अडचणी मी जाणते. गवताचं कोर्ट म्हणजे खर्च. पाणी, रोज कापणी, रोलर, माळ्यांचा पगार, खेळून झाल्यावर विश्रांती. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस, मार्चपासून पाण्याची ओढ. पुण्यात नवी गवताची कोर्ट बांधा असं मी मागत नाही. ज्या जिल्ह्यात टँकर फिरतात तिथे ते मागणं शोभणारही नाही. विम्बल्डनला राय गवत असतं, आठ मिलिमीटरवर कापलेलं. ते आपल्या हवेला परवडणार नाही. पण कोलकाता-दिल्लीकडे दूब वापरतात, म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शेतकरी तिला वैतागतो, कारण ती उपटली तरी पुन्हा फुटते. झिजली तर भरून निघते, फक्त तिला काही आठवडे द्यावे लागतात. बत्तीस मुलींनी एक आठवडा खेळून ती मरत नाही.

तेव्हा मागणं असं. कोलकात्याला किंवा दिल्लीला, हिवाळ्यात, जिथे कोर्ट आधीच तयार असतात तिथे, महिलांसाठी गवतावरची एक राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात घ्या. तिच्यासोबत सोळा वर्षांखालच्या मुलींचा एक गट ठेवा. सामने पुढच्या कोर्टवर घ्या, मागच्या नाही. तिला लीला राव यांचं नाव द्या. बक्षिसाची रक्कम पहिल्या वर्षी लहान असली तरी चालेल. ऋतुजा भोसले, प्रार्थना ठोंबरे यांच्यासारख्या मुलींनी याहून लहान रकमांसाठी देशभर प्रवास केलेला आहे. आणि एक काम तर पैशाशिवाय होईल: अखिल भारतीय स्पर्धेच्या महिला विजेत्यांची पूर्ण यादी, 1910 पासूनची, तुमच्या दप्तरातून शोधून काढा आणि जाहीर करा. जुन्या क्लबांच्या भिंतींवर लाकडी फलक आहेत, त्यावर सोनेरी अक्षरांत नावं आहेत. त्यातली बायकांची नावं कुणीतरी उतरवून घ्यायला हवीत. त्या कामाला मी आणि माझ्या मुली सुट्टीत यायला तयार आहोत.

क्लबांच्या विश्वस्तांना एक वेगळी विनंती. तुमच्या गवतावर कुणी कधी खेळायचं, हे तुमच्या समितीच्या बैठकीत ठरतं. पुढच्या बैठकीत तो तक्ता समोर ठेवा आणि बायकांच्या वाट्याला आठवड्यातले किती तास येतात, ते मोजा. मला आकडा कळवू नका. तुम्हीच बघा.

स्पर्धा डिसेंबरात ठेवणार असाल तर घोषणा सप्टेंबरअखेर व्हावी. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, आणि आझाद हिंद एक्सप्रेसला पुण्याहून हावड्यापर्यंत सात मुलींच्या सात बर्थ एकत्र मिळायच्या तर पहिल्याच दिवशी सकाळी बसावं लागतं.

आपली,
मुलींची एक टेनिस प्रशिक्षक,
पुणे